किर्द आणि खतावणी: क्लॅटच्या तयारीत माझे गुण स्थिर कसे झाले

जुलै २०२३ च्या दोन आठवड्यांत मी क्लॅटचे, म्हणजे कायद्याच्या प्रवेश परीक्षेचे, सहा मॉक (सरावाचे) पेपर दिले. गुण आले ७४.५, ५८.२५, ८३, ६१, ७९.७५ आणि ५५.५. पेपर १२० गुणांचा. हे आकडे एका चिठ्ठीवर लिहून मी अभ्यासिकेतल्या माझ्या टेबलासमोर भिंतीला चिकटवले होते, आणि रोज सकाळी बसताना त्यांच्याकडे नजर गेली की पोटात गोळा यायचा. ८३ मिळवणारी मी आणि ५५ मिळवणारी मी, यांच्यात जेमतेम आठ दिवसांचं अंतर. ना अभ्यास बदलला होता, ना पुस्तकं, ना टेबल. मग ३ डिसेंबरला परीक्षेच्या हॉलमध्ये यांतली कोणती मी जाऊन बसणार, हे कसं सांगायचं?

गुण कमी पडतात त्याचं दुःख समजतं. पण गुणांचा भरवसाच नसेल तर माणूस आतून खचतो. चांगला पेपर गेला तरी आनंद होत नाही, कारण पुढचा कसा जाईल याची भीती लगेच मागे उभी असते. ज्यांचे गुण असे खालीवर होतात त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. तेव्हा मला असं लिहिलेलं कुठं सापडलं असतं तर दोन महिने वाचले असते.

मी लातूरची. आमच्याकडे दहावीला बरे गुण पडले की पुढचं ठरलेलं असतं: बायोलॉजी, नीट, डॉक्टर. लातूर पॅटर्नचं गाव आहे हे. माझ्या अभ्यासिकेत साठ-सत्तर टेबलं होती. बहुतेक सगळी नीटवाल्यांची, कोपऱ्यातली आठ-दहा एमपीएससीवाल्यांची. कायद्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी मी एकटी. "वकील व्हायला परीक्षा कशाला लागते गं?" हा प्रश्न मला नातेवाइकांनी इतक्यांदा विचारला की शेवटी मी उत्तर पाठ करून टाकलं: देशातल्या बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांमध्ये बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा असेल तर क्लॅट द्यावी लागते, आणि अशी तीन विद्यापीठं आपल्या महाराष्ट्रातच आहेत, मुंबईत, नागपुरात आणि संभाजीनगरात.

बारावीत असतानाच, १८ डिसेंबर २०२२ ला, मी पहिल्यांदा क्लॅट दिली होती. तेव्हा पेपर १५० प्रश्नांचा होता. मला ६१.७५ पडले. तयारी कमी होती, त्यामुळे त्याचं फार वाटलं नाही. बारावी झाली, बी.ए.ला नाव घालून ठेवलं आणि ते वर्ष क्लॅटला द्यायचं ठरवलं. राज्याची कायद्याची सीईटीही दिली होती. ती मराठीतूनही देता येते आणि तिथं चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. क्लॅट मात्र फक्त इंग्रजीतून, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो.

मे महिन्यात बातमी आली की पुढच्या परीक्षेत प्रश्न १५० ऐवजी १२० असतील, वेळ तोच, दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला अठ्ठेचाळीस सेकंदांऐवजी पूर्ण मिनिट. ऐकायला बरं वाटलं. पण माझ्याकडचे २०२० पासूनचे सगळे जुने पेपर १५० चे होते. मी प्रत्येक पेपरमधले तीस प्रश्न, म्हणजे पाच-सहा पॅसेज, पेनानं काट मारून काढून टाकले आणि ते १२० चे करून घेतले. सोबत ऑनलाइन मॉकची एक स्वस्त मालिका घेतली.

ज्यांना पेपर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. क्लॅटमध्ये सुटा प्रश्न जवळजवळ नसतोच. साडेचारशे शब्दांच्या आसपासचा इंग्रजी उतारा असतो, त्याला आम्ही सगळे पॅसेजच म्हणतो, आणि त्याच्याखाली पाच-सहा प्रश्न. इंग्रजीचे २२ ते २६ प्रश्न, चालू घडामोडी आणि सामान्यज्ञानाचे २८ ते ३२, लीगल रिझनिंगचे तितकेच, लॉजिकल रिझनिंगचे २२ ते २६ आणि क्वांटचे, म्हणजे गणिताचे, १० ते १४. मी एकदा एका मॉकमधले शब्द अंदाजानं मोजले होते, साडेनऊ हजारांच्या वर भरले. दोन तासांत एवढं वाचायचं आणि वर उत्तरंही द्यायची. पॅसेज आणि त्याखालचा प्रश्नांचा घोळका, ही गोष्ट लक्षात ठेवा. माझी सगळी अडचण तिच्यातच होती आणि मला ती सात महिने दिसली नव्हती.

गुण खालीवर होतात म्हटल्यावर सगळ्यांनी एकच सांगितलं: तुक्के मारणं बंद कर. मला ते पटलं. ५५.५ च्या पेपरमध्ये मी वीसेक प्रश्न अंदाजपंचे सोडवले होते. पुढच्या दोन मॉकमध्ये एकही तुक्का मारला नाही. गुण आले ६० आणि ७७. परत तोच सतरा गुणांचा झोका.

तेव्हा मी कागद घेऊन बसले. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तर वीसपैकी सरासरी पाच बरोबर येतील, पंधरा चुकतील. पाच वजा पावणेचार, म्हणजे सव्वा गुणाचा फायदाच. नशीब फार वाईट असेल तर दोनच बरोबर येतील आणि अडीच गुण जातील. फार चांगलं असेल, नऊ बरोबर आले, तर सव्वासहा मिळतील. म्हणजे वीस तुक्क्यांनी माझा स्कोअर इकडून तिकडे फार तर आठ-नऊ गुणांनी हलू शकत होता, आणि तेही अगदी टोकाच्या दिवसांत. माझा हलत होता सत्तावीस गुणांनी. उरलेलं कुठून येत होतं?

त्या दिवशी पप्पा लवकर घरी आले होते. ते मार्केट यार्डात एका आडत दुकानावर मुनीम आहेत. पेरणीचे दिवस, यार्डात आवक कमी. मी चटईवर वही पसरून बसले होते. त्यांनी चहा पीत पीत वही ओढून घेतली आणि बराच वेळ बघितली. त्यात तारीख, पेपरचं नाव, किती सोडवले, किती बरोबर, किती चूक, एकूण गुण, असं सगळं व्यवस्थित रकान्यांत लिहिलेलं होतं. मला वाटलं, ते म्हणतील छान लिहिलंय.

ते म्हणाले, "ही तर किर्द झाली. खतावणी कुठंय?"

मला कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. दुकानात रोजचा व्यवहार तारखेप्रमाणे उतरवतात ती किर्द. पण कुणाकडं किती अडकलंय हे किर्दीत दिसत नाही. त्यासाठी एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवावी लागते. "किर्द कितीबी वाच, तुला एवढंच कळणार की मंगळवारी नुकसान झालं. मंगळवारानं काय केलंय? नुकसान माणसाकडं असतंय, वाराकडं नसतंय."

पप्पांनी आयुष्यात क्लॅटचा पेपर पाहिलेला नव्हता. पण त्या एका वाक्यानं माझं वर्ष वाचलं, असं मी मनापासून म्हणते.

त्या रात्री मी ८३ चा आणि ५५.५ चा, असे दोन पेपर शेजारी शेजारी ठेवले. योगायोगानं दोन्हींत मी १०८ प्रश्न सोडवले होते. चांगल्यात ८८ बरोबर, २० चूक. वाईटात ६६ बरोबर, ४२ चूक. मग एकेक चूक कुठल्या पॅसेजमधली ते लिहायला घेतलं. चांगल्या पेपरमधल्या वीस चुका सगळीकडे विखुरलेल्या होत्या, इथं एक, तिथं दोन. फक्त एका पॅसेजमध्ये पाचातले चार चुकले होते. वाईट पेपरमधल्या बेचाळीस चुकांपैकी तेवीस चुका फक्त पाच पॅसेजमध्ये होत्या. त्या पाच पॅसेजवर मिळून सव्वीस प्रश्न होते, आणि त्यांतले तेवीस गेले होते.

घोळक्यानं गेलेले बाजूला ठेवले तर चांगल्या पेपरमध्ये सोळा चुका उरत होत्या आणि वाईटात एकोणीस. म्हणजे ८३ वाली आणि ५५ वाली या दोन वेगळ्या मुली नव्हत्याच. एकच मुलगी होती, फक्त एका दिवशी तिचा एक पॅसेज गेला होता आणि दुसऱ्या दिवशी पाच.

हे एकदा दिसल्यावर बाकीचं आपोआप सुटत गेलं. गुण सुटे जात नव्हते, घोळक्यानं जात होते. पॅसेजचं म्हणणंच उलटं समजलं तर त्याखालचे पाचही प्रश्न मी पूर्ण आत्मविश्वासानं चुकवत होते. पाच बरोबरच्या जागी पाच चूक, म्हणजे सव्वासहा गुणांचा फरक. असे दोन पॅसेज गेले की साडेबारा. आणि मी मात्र प्रश्न मोजत बसले होते, पॅसेज मोजायला हवे होते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी गंजगोलाईच्या बाजारातून जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि खाती पाडली. "पॅसेज उलटा कळला." "विषयच माहीत नव्हता." "दोन पर्यायांत अडकले." "प्रश्न नीट वाचला नाही." "आकडेमोड." "गोळा चुकीचा भरला." जुन्या सगळ्या पेपरांमधल्या चुका या खात्यांवर खतवायला मला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत एकही नवा मॉक दिला नाही. अभ्यासिकेतले मित्र-मैत्रिणी रोज पेपर देत होते आणि मी जुनेच कागद चिवडत बसले होते, त्यामुळे मनात धाकधूक होती. पण नऊ दिवसांनी पहिलं खातं एवढं फुगलेलं निघालं की बाकीची पाच त्याच्यापुढं किरकोळ वाटली.

आता प्रश्न असा, की पॅसेज उलटा का कळतो? माझं इंग्रजी वाईट नव्हतं. शब्द अडत नव्हते. मी गेलेले पॅसेज घड्याळ न लावता पुन्हा वाचले तर सगळे समजत होते. मग परीक्षेत काय होत होतं? मी डोळे फिरवत होते आणि "कळलं" असं समजून प्रश्नांकडं पळत होते. काय कळलं, हे स्वतःला विचारतच नव्हते.

म्हणून एक नियम केला. पॅसेज संपला की प्रश्नाकडं बघायच्या आधी शेजारच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं एक वाक्य लिहायचं. मराठीत. लेखकाचं म्हणणं काय आहे ते. मराठीत अशासाठी, की इंग्रजीत लिहिलं तर मी पॅसेजमधलेच चार शब्द उचलून वाक्य जुळवायचे, आणि ते न समजताही जुळतं. मराठीत लिहायचं म्हणजे आधी समजावं लागतं, त्याला पर्याय नाही.

पहिल्या आठवड्यातली माझी वाक्यं आजही त्या कागदांवर आहेत. "शिक्षेबद्दल आहे." "शहरं आणि पाणी." "न्यायालयांतला विलंब." ही वाक्यं नव्हेतच, हे विषय झाले. विषय तर शीर्षकावरूनही कळतो. त्या शिक्षेच्या पॅसेजचं खरं म्हणणं असं होतं: शिक्षा कडक केल्यानं गुन्हे कमी होत नाहीत, पकडले जाण्याची खात्री वाढली की कमी होतात. हे वाक्य समासात असतं तर "लेखकाचा युक्तिवाद कशानं दुबळा होईल" या प्रश्नाचं उत्तर समोरच होतं. मी मात्र "शिक्षेबद्दल आहे" एवढ्या भांडवलावर पाच प्रश्न सोडवायला गेले होते. ज्या वाक्यात क्रियापद नाही ते वाक्य मोजायचं नाही, असा पोटनियम मी मग जोडला. साधा वाटतो, पण कामाचा आहे.

लीगलच्या पॅसेजमध्ये वेगळाच धोका निघाला, आणि तो मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. लीगल रिझनिंगला कायद्याचं आधीचं ज्ञान लागत नाही. नियम पॅसेजमध्येच दिलेला असतो, तो समोरच्या प्रसंगाला लावायचा असतो. हे मला माहीत होतं, दुसऱ्यांनाही मी सांगायचे. पण त्या वर्षी महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षावर ११ मे ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आला होता. घरी, दारी, टीव्हीवर तोच विषय. पक्षांतरबंदी, ती ज्यात आहे ती घटनेची दहावी अनुसूची, व्हिप, विलीनीकरण, सगळं मी बारकाईनं वाचलं होतं. एका मॉकमध्ये नेमका दहाव्या अनुसूचीवर पॅसेज आला. मला इतका आनंद झाला की मी तो निम्माच वाचला. सहापैकी पाच चुकले.

पॅसेजमध्ये १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनं आलेली मूळ तरतूद दिली होती, जिच्यात विधिमंडळ पक्षाचे एक तृतीयांश सदस्य फुटले तर त्यांना संरक्षण होतं. प्रसंग त्या नियमावर सोडवायचे होते. मी मात्र २००३ च्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीनंतरचा कायदा डोक्यात धरून बसले होते, ज्यात फुटीचं ते संरक्षण काढून टाकलं आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाचंच राहिलं. माझा कायदा बरोबर होता आणि माझी पाचही उत्तरं चूक होती. वहीत ती चूक मी "विषय माहीत होता" असं नवं खातं काढून खतवली. त्यानंतर ओळखीचा विषय दिसला की मी मुद्दाम हळू वाचू लागले. अनोळखी पॅसेजपेक्षा ओळखीचा पॅसेज जास्त फसवतो, हे लीगलपुरतं तरी मी ठामपणे सांगेन.

सामान्यज्ञानातही घोळक्याचाच नियम होता. एखादा विषय माहीत नसेल तर पाच-सहा प्रश्न एकदम गेले. मी तोवर नोंदी तारीखवार काढत होते, म्हणजे तिथंही किर्दच. त्या बदलल्या. एक विषय, एक पान, आणि त्या पानावर किमान दहा गोष्टी. सप्टेंबरमध्ये दिल्लीत जी-२० ची शिखर परिषद झाली तेव्हा नुसतं "९-१० सप्टेंबर, दिल्ली" असं न लिहिता गट १९९९ साली स्थापन झाला, नेत्यांची पहिली शिखर परिषद २००८ मध्ये वॉशिंग्टनला झाली, दिल्लीत आफ्रिकन युनियनला सदस्यत्व मिळालं, पुढचं अध्यक्षपद ब्राझीलकडं, असं सगळं एका पानावर आणलं. चांद्रयान-३ चं पान चांद्रयान-१ पासून सुरू केलं. अशी चौऱ्याहत्तर पानं झाली. त्यांतलं किती विचारलं जाईल हे महत्त्वाचं नव्हतं. एखादा विषय आला की तो पूर्ण माझा असावा, हे महत्त्वाचं होतं.

वाक्य लिहायला लागल्यावर लगेच गुण वाढले असं मुळीच झालं नाही. उलट पहिल्या मॉकमध्ये मी फक्त ९४ प्रश्न सोडवू शकले. एका वाक्याला पंधरा-वीस सेकंद, विसेक पॅसेजची मिळून सहा-सात मिनिटं गेली. ७६ बरोबर, १८ चूक, ७१.५ गुण. घाबरून जुन्या पद्धतीकडं परत जावंसं वाटलं. पण खतावणीत पहिल्यांदाच दिसलं की अख्खा गेलेला पॅसेज एकही नव्हता. मी आणखी चार पेपर वाट बघायची ठरवली. तिसऱ्या पेपरपर्यंत वाक्य लिहायला लागणारा वेळ प्रश्नांमध्ये परत मिळायला लागला, कारण उत्तर शोधायला पॅसेजकडं वारंवार परत जावं लागत नव्हतं.

बाकीच्या दुरुस्त्या लहान होत्या, पण त्याही सांगते.

मी मॉक रात्री दहा वाजता द्यायचे, अभ्यासिका शांत झाल्यावर. परीक्षा दुपारी दोन ते चार. दुपारी जेवून बसल्यावर माझं डोकं अडीचच्या सुमाराला जड होतं, हे मला ऑगस्टमध्ये पहिल्यांदा दुपारी पेपर दिल्यावर कळलं. तिथून पुढचा प्रत्येक मॉक दोनला. जेवण बाराला, अर्धी भाकरी कमी. नीटवाली मुलं त्या वेळी टेबलावर डोकं ठेवून झोपलेली असायची.

मोबाइलवर पेपर देणंही सोडलं. झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायचे आणि ओएमआर उत्तरपत्रिकेवरचे गोळेही भरायचे. पेनानं भरलेला गोळा खोडता येत नाही, म्हणून एक पॅसेज संपला की लगेच त्याचे गोळे, अशी सवय लावली. शेवटी एकदम भरायला ठेवलं तर एक ओळ सरकण्याची भीती असते, आणि तेही घोळक्यानंच नुकसान.

विभागांचा क्रम मी दर आठवड्याला बदलत होते. ज्यांना वरचा क्रमांक मिळाला त्यांचे व्हिडिओ बघायचे, आणि प्रत्येकाचा क्रम वेगळा. ऑगस्टच्या शेवटी एक क्रम ठरवला आणि नंतर हात लावला नाही: आधी जीके, म्हणजे सामान्यज्ञान, बारा मिनिटांत, मग लीगल पस्तीस, इंग्रजी पंचवीस, लॉजिकल बत्तीस, शेवटी क्वांट चौदा. हा क्रम सर्वोत्तम आहे असा माझा दावा नाही. पण क्रम बदलत राहिलं तर पेपर अवघड होता की क्रम, हे कधीच कळत नाही.

आणि मॉकची संख्या आठवड्याला तीनवरून एकवर आणली. एक दिवस पेपर, पुढचे दोन दिवस खतावणी. यावर माझे अभ्यासिकेतल्यांशी वाद झाले. आजही मला वाटतं की न तपासलेला मॉक म्हणजे दोन तास आणि छपाईचे पैसे दोन्ही वाया.

ऑक्टोबरमध्ये एकदा परत घसरले. आठ आठवडे नीट चाललं होतं आणि अचानक ६२.२५. त्या दिवशी मी घरी येऊन आईशीही बोलले नाही. दोन दिवसांनी खतवायला बसले तेव्हा कारण अगदी स्पष्ट निघालं. लीगलचा पहिलाच पॅसेज अवघड होता, त्याचं वाक्य बनत नव्हतं, आणि मी अकरा मिनिटं त्याच्याशी भांडत राहिले. त्याचे सहापैकी तीन आले, पण ती जास्तीची पाच-सहा मिनिटं लॉजिकलच्या शेवटच्या दोन पॅसेजमधून गेली आणि ते दोन्ही घाईत उलटे वाचले गेले. म्हणजे एका पॅसेजचा हट्ट तीन पॅसेजना महागात पडला. तेव्हा शेवटचा नियम केला: वाक्य बनलं नाही तर पहिला परिच्छेद एकदाच परत वाचायचा, तरीही नाही बनलं तर समासात मोठी फुली मारून पुढं जायचं. उत्तर येत नाही म्हणून सोडणं मला जमत होतं. वाक्य बनत नाही म्हणून अख्खा पॅसेज सोडणं फार जड गेलं. ते शिकायला पुढचे तीन मॉक गेले.

परीक्षेआधीच्या शेवटच्या सात मॉकमध्ये सगळ्यात कमी गुण ७६.२५ होते आणि सगळ्यात जास्त ८४.५. त्यांत सोपे पेपर होते आणि अवघडही. वहीत मी तोवर गुणांच्या आधी "गेलेले पॅसेज" हा रकाना लिहायला लागले होते: एक, शून्य, एक, एक, दोन, शून्य, एक. भिंतीवरची चिठ्ठी कधी काढली ते आठवत नाही.

परीक्षेचं केंद्र पुण्यात होतं. आदल्या दिवशीच हडपसरला मावशीकडं जाऊन राहिले. ३ डिसेंबरला रविवार होता. मावशीनं प्रेमानं पुरणपोळी करायचं ठरवलं होतं. मी तिला हात जोडून वरण-भातावर थांबवलं आणि बाराला जेवले. दोन वाजता पुस्तिका उघडली, तेव्हा पेपर माझ्या मॉकपेक्षा सोपा वाटला. जुनी मी असते तर याच आनंदात पळत सुटले असते. मी समासात वाक्यं लिहीत गेले. लीगलमध्ये एका पॅसेजवर फुली मारली आणि शेवटी परत येऊन तो सोडवला.

प्रश्नपुस्तिका घरी आणता येते. तात्पुरती उत्तरसूची आल्यावर आम्ही लातूरला स्वयंपाकघरातच बसून ताळा केला, मी वाचत होते आणि पप्पा खुणा करत होते. ११६ सोडवले, ९५ बरोबर, २१ चूक. बेरीज व्हायच्या आधीच पप्पांनी विचारलं, "पॅसेज किती गेले?"

"एकच," मी म्हणाले. ८९.७५ गुण झाले होते. पुढं राज्यातल्याच एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात जागा मिळाली, आता मी तिथंच शिकते.

तो गेलेला पॅसेज लॉजिकलमधला होता. पप्पांनी पुस्तिका उलटून ते पान काढलं आणि माझ्यासमोर धरलं. पुस्तिकेतल्या जवळजवळ प्रत्येक पॅसेजशेजारी माझी एकेक ओळ होती. त्या पॅसेजचा समास कोरा होता.